दोन मतांनी पाडलेला कॅप्टन

मार्च २०२०च्या सुरुवातीला आम्ही डब्लिनमधला भाड्याचा फ्लॅट सोडला. जवळच्या नावन गावात घेतलेल्या नव्या घराच्या चाव्या दोन आठवड्यांत मिळणार होत्या. स्वयंपाकघर आणि जिना तेवढा राहिला होता. नेमक्या त्याच आठवड्यात नागपूरला माझ्या सासूबाई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि बायकोने मिळेल ते विमान पकडलं. "पंधरा दिवसांत येते," विमानतळावर ती म्हणाली. "तोवर या दोघींना केस न विंचरता शाळेत पाठवू नकोस."

मधल्या पंधरा दिवसांचा प्रश्न ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सोडवला. तो वर्षभरासाठी ऑस्ट्रेलियाला गेला होता आणि त्याची राहती बोट किल्डेअर काउंटीतल्या, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातल्या, एका गावाबाहेर ग्रँड कॅनालच्या काठाला नुसतीच बांधून पडली होती. स्टेशन चालत दहा मिनिटांवर, तिथून ट्रेन थेट ग्रँड कॅनाल डॉकला, ऑफिसच्या दारात. "राहा की," तो फोनवर म्हणाला. "मुलींना सुट्टीसारखं वाटेल."

आम्ही सामान गोदामात टाकलं आणि चार बॅगा घेऊन बोटीवर चढलो. त्यानंतर एकेक करून सगळं बंद होत गेलं. आधी शाळा, मग ऑफिस, मग भारतातली विमानं आणि शेवटी बांधकामं. नावनच्या घराला जिना लागलाच नाही. पंधरा दिवसांसाठी गेलेलो आम्ही त्या बोटीवर सात महिने राहिलो.

बोट एखाद्या बोळासारखी होती, लांब आणि अरुंद. मधोमध उभं राहून मी हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागायची. पुढच्या टोकाला स्वतंत्र दार असलेली एक छोटी खोली, मग बसायची जागा आणि लोखंडी शेगडी, मग ओटा, मागे आमची झोपायची फळी. पाणी टाकीत भरून आणायचं, शेगडीत कोळसा घालायचा आणि संडासाची टाकी दर तीन दिवसांनी हातगाडीवर घालून रिकामी करून आणायची. मी आयुष्यभर कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस. मला पोहताही येत नव्हतं.

थोरली तेव्हा दहा वर्षांची होती आणि धाकटी पाच. दोघींना मराठी सगळं कळायचं, पण उत्तरं यायची ती इंग्रजीत, आणि तीही पक्क्या आयरिश सुरात. पहिल्या आठवड्यात दोघींनी मला रडकुंडीला आणलं. डेकवर जाताना लाइफ जॅकेट घालायचं, यावरून रोज भांडण. एका सकाळी माझी मीटिंग सुरू असताना धाकटी जॅकेटशिवाय बाहेर पडली आणि मी लॅपटॉप तसाच टाकून ओरडत धावलो, "या बोटीवर कॅप्टनचा हुकूम चालतो! आणि कॅप्टन मी आहे!"

थोरली शांतपणे म्हणाली, "कुणी निवडलं तुला?"

तिने शाळेच्या लायब्ररीतून आणलेल्या कुठल्याशा पुस्तकात समुद्री चाच्यांविषयी वाचलं होतं. चाचे आपला कॅप्टन मतं देऊन निवडायचे म्हणे. सगळ्यांनी मिळून नियम लिहायचे, त्याखाली सह्या करायच्या, आणि कॅप्टन वाईट निघाला तर पुन्हा मतं घेऊन त्याला काढून टाकायचं. मी म्हटलं, "चाच्यांची एवढी लोकशाही?" धाकटीला हसू आवरेना. "चाचा म्हणजे अंकल ना?" तिच्या वर्गातल्या एका दिल्लीकडच्या मुलीमुळे तिला तेवढं हिंदी येत होतं. मग माझं नाव 'चाचा कॅप्टन' पडलं.

त्या दुपारी आम्ही कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याची पाठ कापून नियम लिहिले. लिहिणारी अर्थात थोरली. डेकवर जॅकेट सगळ्यांनी घालायचं, कॅप्टननेसुद्धा. बिस्किटं सारखी वाटायची. मीटिंग चालू असताना कुणी रडायचं नाही आणि मीटिंग संपल्यावर कॅप्टनने कुणावर ओरडायचं नाही. मग पेन्सिल चावत तिने आणखी एक घातला: कॅप्टनने आपल्या लोकांपासून काही लपवायचं नाही. मला त्यात काही खटकलं नाही. मी सही केली. धाकटीने सही म्हणून एक मासा काढला. मतदान झालं आणि मी तीन विरुद्ध शून्य मतांनी निवडून आलो.

उशीच्या काळ्या अभ्र्यावर पांढऱ्या खडूने कवटी काढून आम्ही झेंडाही लावला. शेजारच्या बोटीवरून लगेच आवाज आला, "ते मांजर आहे का?"

शेजारची बोट एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंची होती. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यापासून बोटीवर एकट्या राहणाऱ्या. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा तेव्हा सरकारी आदेश होता, आणि त्यांचं घर म्हणजे ती हिरवी बोट. त्यामुळे त्या दिवसभर डेकवर खुर्ची टाकून आमच्यावर नजर ठेवायच्या. मी कॅप्टन झाल्याचं धाकटीने त्यांना ओरडून सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या दोराच्या गाठीकडे पाहिलं, आणि तिला म्हणाल्या, "ग्रँड," म्हणजे इकडच्या बोलीत झकास, "पण तुझ्या कॅप्टनने बोट झाडाला बुटाच्या नाडीसारखी बांधलीय." त्या दिवसापासून मुलींनी त्यांना अ‍ॅडमिरल करून टाकलं. म्हणजे माझ्या वरच्या.

अ‍ॅडमिरलबाईंचं किराणा सामान मी आणायचो आणि काठावरच्या एका खांबाला पिशवी लावून यायचो. बदल्यात त्याच खांबावर कधी गरम सोडा ब्रेड, कधी अंडी असायची. मुली दबक्या पावलांनी जाऊन ती 'लूट' पळवून आणायच्या आणि अ‍ॅडमिरलबाई मुद्दाम दुसरीकडे बघायच्या. मी पोहे करून ठेवले की त्या डबा धुऊन परत ठेवत आणि ओरडून अभिप्राय देत. "पिवळं ते छान होतं. त्यातली मिरची तेवढी पाण्यात टाकली. माशांनो, माफ करा!" दोन बोटींमधल्या दहा-बारा फुटांवरून त्यांनीच मला गाठी शिकवल्या, शेगडी रात्रभर कशी राखायची ते शिकवलं, इंजिनाचं तेल कसं बघायचं ते शिकवलं. माझं काही चुकलं की त्या हवेतल्या कुणाला तरी सांगायच्या, "बघा, युअर मॅन काय करतोय ते." युअर मॅन म्हणजे आयरिश बोलीत 'हा गडी'.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, एक गोष्ट सोडून. धाकटी रोज सकाळी विचारायची, "आई कधी येणार?" आणि मी म्हणायचो, "अजून दोन रविवार." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं. विमानं बंद राहण्याची मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि माझे दोन रविवार दोनच राहिले. बायको व्हिडिओवर दिसायची. मागे सासूबाईंचा वॉकर, पंख्याचा आवाज. मुलींना ऐकू येणार नाही असं बोलायला ती मला मेसेज लिहायची: 'काही ठरत नाहीये. त्यांना काय सांगतोयस?' मी लिहायचो, 'बघतो मी.' हळूहळू धाकटी व्हिडिओ लागला की टेबलाखाली जायला लागली. "नेटवर्क खराब आहे," मी बायकोला सांगायचो. तेही खोटंच.

मे महिन्यात एका दुपारी धाकटी पाण्यात पडली. हंसांची एक जोडी पिल्लं घेऊन आली होती, त्यांना पाव टाकायला ती मागच्या टोकाला वाकली आणि गेली. मी आत मीटिंगमध्ये होतो. थोरलीची किंचाळी ऐकली, बाहेर आलो, पाण्यात लाल जॅकेट दिसलं आणि मी उडी मारली. चष्म्यासकट, हेडफोनसकट. पाणी इतकं गार होतं की श्वासच बंद झाला. नाकातोंडात चिखलाचं पाणी जात होतं, मी हातपाय मारत होतो आणि मला एवढंच कळत होतं की आता दोघीही पोरक्या होणार.

"उभा राहा!" अ‍ॅडमिरलबाई गरजल्या. "अरे बाबा, उभा राहा!"

मी उभा राहिलो. पाणी छातीपर्यंत होतं.

धाकटी माझ्यापासून हातभर अंतरावर जॅकेटमध्ये बुचासारखी तरंगत होती आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. थोरलीने लांब आकड्याच्या काठीने तिचं जॅकेट आधीच पकडलं होतं. अ‍ॅडमिरलबाईंनी तिला महिनाभरापूर्वी तेच शिकवलं होतं. मी नसतो तरी चाललं असतं, असं ते सगळं होतं.

दुसऱ्या कुणी हसून विषय सोडून दिला असता. मी दिला नाही. सकाळ होताच मी फर्मान काढलं: आता डेकवर जायचं नाही. मागचं दार बंद. सहा दिवस मी त्या दोघींना त्या बोळात कोंडून ठेवलं. बाहेर आयर्लंडमध्ये क्वचित पडतं तसं लख्ख ऊन, आणि आत दोन मुली खिडकीच्या गोल काचेला नाक लावून. अ‍ॅडमिरलबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, सर्दी झालीय.

सातव्या दिवशी नाश्त्याला धाकटीने विचारलं, "आई कधी येणार?"

"अजून दोन..."

"स्टॉप इट, बाबा," थोरली म्हणाली. ती उठली, तिने भिंतीवर लावलेलं नियमांचं खोकं काढून माझ्या पोह्यांच्या बशीसमोर ठेवलं आणि त्या शेवटच्या नियमावर बोट ठेवलं. ती इंग्रजीत म्हणाली, मला माहीत आहे आई दोन रविवारांनी येणार नाहीये. मी बातम्या वाचते. तू मार्चपासून दोन म्हणतोयस. आणि आम्हाला सर्दीसुद्धा झालेली नाही. मग ती मराठीत म्हणाली, बहुधा मला नीट कळावं म्हणून, "मला मतदान पाहिजे."

धाकटीने आधी हात वर केला आणि मग रडायला लागली. दोन विरुद्ध एक. मी पडलो.

मला राग आला, हे कबूल करतो. मी भांडी घासायला घेतली आणि ती आपटली. दिवसभर लोकांच्या कोडमधल्या चुका काढणारा मी, दहा वर्षांच्या मुलीने माझी चूक काढली म्हणून फुगून बसलो होतो. पण थोरली माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने माझा फोन घेतला, आईला लावला आणि धाकटीला टेबलाखालून ओढून शेजारी बसवलं.

"आई, तू कधी येणार? खरं सांग."

नागपूरला दुपार होती. बायकोने फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाली, "मला माहीत नाही गं, राणी. मला खरंच माहीत नाही. माहीत असतं तर मी कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडला असता." आणि ती रडली. इतके दिवस तीही माझ्यासारखीच हसून दाखवत होती. धाकटीने स्क्रीन अगदी नाकाजवळ धरली आणि विचारलं, "आर यू स्टक?"

"हो. अडकलेय."

"आम्ही पण," धाकटी म्हणाली. मराठीत.

नंतर मायलेकी पाऊण तास बोलल्या. हंसाच्या पिल्लांबद्दल, बाबाने मारलेल्या उडीबद्दल. बायको इतकी हसली की मागून सासूबाई विचारायला लागल्या काय झालं म्हणून. मी भांड्यांपाशी पाठ करून उभा होतो. त्या दिवसानंतर धाकटीने रोजचा तो प्रश्न विचारणं बंद केलं. उत्तर मिळालं नव्हतं, पण तिच्यापाशी आता निदान खरी गोष्ट होती.

नव्या कॅप्टनने, म्हणजे थोरलीने, पहिला हुकूम काढला तो दार उघडायचा. दुसरा माझ्यासाठी होता: अ‍ॅडमिरलबाईंना जाऊन खरं सांगायचं. मी काठावर उभा राहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी पहिल्या महिन्यात बस भिंतीला घासली होती. नंतर आठवडाभर मी इतकी हळू चालवली की लोक उतरून चालत जायला लागले. भीतीने चालवलेली बस कुठेही पोचत नाही."

जूनच्या अखेरीला प्रवासाची बंधनं उठली आणि कॅप्टनने जाहीर केलं की बोट हलवायची. मला वाटत होतं ती बोट म्हणजे घरच आहे, हलत नसते. ऑस्ट्रेलियातून परवानगी आली. अ‍ॅडमिरलबाई आता बाहेर पडू शकत होत्या. त्या सायकल घेऊन काठाच्या पायवाटेवरून सोबत निघाल्या. सुकाणू माझ्या हातात, पण हुकूम थोरलीचे, आणि तिला ते हुकूम इंग्रजीत नीट यायचे नाहीत, कारण बोटीवरचं बहुतेक काम ती माझ्याकडून मराठीत शिकली होती. "दोर सोड! हळू! डावीकडे, बाबा, डावीकडे!" ताशी तीन मैलांच्या वेगाने आम्ही गायींच्या बाजूने चाललो होतो. पहिल्या लॉकपाशी, म्हणजे जिथे दोन दारांमध्ये बोट कोंडून पाणी सोडतात आणि बोट वरच्या पातळीला नेतात तिथे, मी दाराचा दांडा पाठीने रेटून मागचं दार बंद केलं, वरचं पाणी सोडलं आणि आमचं घर, आतल्या चहाच्या कपांसकट, संथपणे वर चढलं. धाकटी टपावर बसून ते बघत होती. "वी आर फ्लाइंग," ती म्हणाली.

जुलैच्या शेवटी बायको आली. दिल्ली, फ्रँकफर्ट असं करत, दोन मास्क आणि चेहऱ्यावर प्लास्टिकची ढाल लावून. बाहेरून आलेल्याने चौदा दिवस वेगळं राहायचं होतं, म्हणून पुढच्या टोकाची खोली आम्ही तिच्यासाठी तयार केली होती. ती काठावर उभी राहिली, सहा फुटांवर. बारीक झाली होती, कानापाशी केस पांढरे झाले होते. थोरलीने हात हलवले, उड्या मारल्या. धाकटी माझ्या मागे लपली आणि पाहुण्यांना म्हणतात तसं हळूच म्हणाली, "हाय."

बायकोचा चेहरा मास्कमुळे दिसला नाही. बरं झालं.

पहिल्याच दिवशी थोरलीने बंद दाराबाहेर बसून तिला सगळे नियम वाचून दाखवले. आतून प्रश्न आला, "मग आता कॅप्टन कोण?"

"मी."

"आणि बाबा?"

"बाबा इज ग्रँड. ही डझ द टॉयलेट."

पण चौथ्या-पाचव्या दिवशी मी चहा ठेवायला गेलो तेव्हा बायको दाराआडून म्हणाली, "तुमचं सगळं छान बसलंय रे. आवाज ऐकते मी दिवसभर. कुणी काय करायचं ते सगळ्यांना माहीत आहे. मीच तेवढी बाहेरची."

मी काहीतरी समजूत घालणारं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. अशा वेळी मी काय करतो ते मला आता माहीत झालं होतं. म्हणालो, "हो, तसं झालंय खरं. धाकटी लाजतेय तुला. वेळ लागेल." मग ती म्हणाली, "थँक्स. बिस्किटं पण दे."

नवव्या दिवशी धाकटी स्वतःच कंगवा घेऊन पुढच्या डेकवर गेली आणि त्या खोलीच्या खिडकीला पाठ लावून बसली. पाच महिने तिचे केस मी बांधत होतो. म्हणजे एका रबरात कोंबत होतो. तिने कंगवा खांद्यावरून मागे धरला. खिडकी उघडली. मास्क आणि हातमोजे घालून बायकोने तिच्या दोन वेण्या घातल्या. ते नियमात बसत नव्हतं बहुधा. कॅप्टन टपावर उभी राहून दुसरीकडे बघत होती.

चौदा दिवस संपले आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमची काउंटीच पुन्हा बंद झाली. या वेळी मात्र चौघं होतो.

ऑक्टोबरमध्ये नावनचं घर मिळालं. पहिले काही आठवडे मुली आपापल्या खोल्यांत झोपेनात. खोल्यांमध्ये फार अंतर आहे, अशी तक्रार. चौघांनी बैठकीच्या खोलीत गाद्या टाकल्या. तो हिवाळा लांबला, पुन्हा सगळं बंद झालं, शाळा पुन्हा स्क्रीनवर आली. पण घरात कुणी कुणाला 'दोन रविवार' सांगितले नाहीत. माझी नोकरी टिकेल का असं थोरलीने एकदा विचारलं, तेव्हा मी तिला जे माहीत होतं ते आणि जे माहीत नव्हतं ते, दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, "ओके," आणि गृहपाठाला बसली.

२०२१च्या मे महिन्यात एका काउंटीतून दुसरीत जायला मोकळीक मिळाली आणि अ‍ॅडमिरलबाई बसने आमच्याकडे जेवायला आल्या. दोन्ही लशी झालेल्या. दारात त्यांनी आधी धाकटीला आणि मग, मला वाटतं चुकून, मलाही मिठी मारली. ड्रायव्हर बस कशी चालवत होता, याबद्दल पाच मिनिटं तक्रार केली. बायको त्यांना परसात घेऊन गेली. कुंपणाशी तिने मेथी पेरली होती आणि ती दाट उगवली होती. अ‍ॅडमिरलबाई वाकून बघतच राहिल्या.

"तुम्ही शॅमरॉक लावलंय? एवढं?" आयर्लंडचं ते मानाचं तीन पानी रोपटं मेथीसारखंच दिसतं.

"मेथी आहे," बायको हसून म्हणाली. "दुपारी तुमच्या ताटात येणार आहे."

त्यांनी एक पान तोडून चावलं, तोंड वाकडं केलं, आणि तरी दुसरं तोडलं. जेवताना पराठे तीन खाल्ले. निघताना धाकटीने त्यांना कागदाच्या पुडीत मूठभर मेथीदाणे बांधून दिले आणि कसे पेरायचे ते सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. जुलैमध्ये त्यांचा फोटो आला. हिरव्या बोटीच्या टपावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा, त्यात वीतभर उंचीची मेथी, आणि खाली लिहिलं होतं: हंसांना आवडत नाही. मला आवडते.